माझा लॅपटॉप अजून न्यू जर्सीतच राहतो

'ग्राहकास उपकरणाचा वापर समजावून सांगण्यात आला. तक्रार बंद करण्यात येत आहे. धन्यवाद.'

काल दुपारी हा मेसेज बायकोच्या मोबाईलवर आला आणि तिनं तो तत्परतेनं मला पुढे ढकलला, सोबत हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन पिवळे चेहरे. तेव्हा हा ग्राहक बाहेरच्या दाराशी, चपलांच्या स्टँडला टेकून, फरशीवर बसला होता. मांडीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या कुशीतून निघून दारावरच्या राउटरपर्यंत गेलेली पिवळी वायर. सलाईन लावल्यासारखी. गेली बावीस वर्षं मी कॉम्प्युटरवर पोट भरतोय. मला वापर समजावून सांगण्यात आला.

झालं असं की मागच्या आठवड्यात नेटवाल्यांनी जुना राउटर काढून नवा, दोन बँडचा बसवला. मोबाईल सुसाट, टीव्ही सुसाट. माझ्या लॅपटॉपला मात्र आमचं वाय-फाय दिसेनासं झालं. बाकीच्या सगळ्यांची दिसतात हो. 'पासवर्ड विचारू नये' दिसतं, 'साई कृपा ५जी' असं नाव असलेलं पण ५जी नसलेलं दिसतं, चौथ्या मजल्यावरचा प्रिंटरसुद्धा यादीत हजेरी लावून जातो. एकूण चौदा नावं मोजली. आपल्या घरात बसून आपलंच तेवढं नाही. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या पानात जिलबी पडावी आणि वाढप्यानं आपल्याला ओलांडून पुढं जावं, तसं.

लॅपटॉपबद्दल सांगायला हवं. तो २०११ सालचा. मामेभावानं न्यू जर्सीहून येताना आणला आणि जाताना 'वापर तू, ऑफिसातून मला दुसरा मिळेल' म्हणत मोठ्या मनानं ठेवून गेला. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची चिप लागते, आणि माझा लॅपटॉप जन्मला तेव्हा त्या चिपचं बारसंही व्हायचं होतं. म्हणून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१मध्ये हे सुरू केलं तेव्हा 'नुसता छंद म्हणून करतोय, फार मोठं काही होणार नाही' अशा अर्थाचं लिहिलं होतं. त्याचं मोठं झालं. छंद आमच्यासारख्यांच्या वाट्याला आला.

आधी मी बाजूचा सरकता स्विच बघितला. हो, ह्या जुन्या लॅपटॉपांना वाय-फायचा एक टीचभर स्विच असतो, आणि एकदा तो बंद असताना मी दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसलो होतो. शेवटी आईनं पुसता पुसता फडक्यानं तो चालू केला. त्यावर जास्त बोलायचं नाही असं घरात ठरलं आहे. (आई पाळत नाही.)

स्विच चालू होता. मग मोबाईलवर आसपासची वाय-फायं उंचवट्यांसारखी दाखवणारं ॲप टाकलं आणि चोर सापडला. वाय-फायचा जो जुना, २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आहे, त्यात आपल्याकडे तेरा चॅनेल, म्हणजे रस्त्यावरच्या लेनसारख्या वाटा, चालतात. एकमेकांच्या अंगावर न येणारे म्हणजे एक, सहा आणि अकरा, त्यामुळे सगळी बिल्डिंग त्या तिघांवर. आमचा नवा राउटर हुशार. त्यानं गर्दी बघितली आणि एसटीत मागच्या बाकावर जाऊन बसावं तसा तेरावर जाऊन बसला. आणि अमेरिकेत वाय-फाय अकराव्या चॅनेललाच थांबतं. बारा-तेरावर तिथं कोणी फिरकत नाही.

आलं लक्षात? माझ्या लॅपटॉपचं वाय-फाय पकडणारं कार्ड अमेरिकेचं. त्याच्या पोटात, कारखान्यातच, देश लिहून ठेवलेला आहे. गेली कित्येक वर्षं ते नाशकात राहतंय, इथली धूळ खातंय, इथली वीज पितंय, दोनदा त्याच्यावर चहा सांडलाय. पण कायदा अमेरिकेचाच पाळतं. तेरावर काय चाललंय तिकडे ते कानही देत नाही. राउटरचा दुसरा, पाच गिगाहर्ट्‌झचा बँड तर ह्या कार्डाच्या शाळेत शिकवलाच नव्हता. खुद्द मामेभाऊ आला की द्वारका चौकात उलट्या बाजूनं गाडी घालायला त्याला अर्धा दिवस लागत नाही. त्याच्या लॅपटॉपची निष्ठा बघा.

रात्री साडेबाराला मी त्याला नागरिकत्व द्यायचा प्रयत्न केला. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' (म्हणजे 'देश भारत धर') असा हुकूम सोडला. लिनक्सची रीत अशी की हुकूम पटला तर ते काही बोलत नाही आणि नाही पटला तरी कधी कधी बोलत नाही. हे सासुरवाडीचं वळण झालं. मग तेच फाईलमध्ये कायमचं लिहून लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि विचारलं, बाबा रे, आता तू कुठल्या देशात? उत्तर आलं, 'कंट्री ९८'.

आता जगाच्या नकाशात असा देश नाही. शोधल्यावर कळलं, दोन देशांचे नियम समोरासमोर आले की लिनक्स दोन्हीकडे जे चालतं तेवढंच ठेवतं आणि त्या त्रिशंकूला ९८ म्हणतं. म्हणजे दोन्हीकडची बंधनं लागू, मोकळीक कुठलीच नाही. तेरावा चॅनेल अर्थातच बाद. मामेभावाला हे फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "खरंय रे."

उपाय सोपा. राउटरच्या आत शिरायचं, तेरा पुसून सहा लिहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण राउटरचा आतला पासवर्ड नेटवाल्यांनी स्वतःकडे ठेवलाय. पैसे माझे, भिंत माझी, वीज माझी, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. बंद करून चालू केला की तो नव्यानं चॅनेल शोधतो म्हणून सहा वेळा तेही केलं. सहाही वेळा तेरा. जागाच तिथं रिकामी, तो तरी काय करणार. मग तक्रार नोंदवली.

नेटवाल्यांकडचा मुलगा आला तो हेल्मेटसकट. काच तेवढी वर केली.

"काय प्रॉब्लेम?"

"लॅपटॉपला वाय-फाय दिसत नाही."

त्यानं स्वतःचा मोबाईल काढला, स्पीडचा काटा फिरवला आणि माझ्या नाकासमोर धरला. "नव्व्याण्णव. शंभरच्या प्लॅनला नव्व्याण्णव येतंय, सर."

"मोबाईलवर येतंय हो. लॅपटॉपवर येत नाही."

"मंग मोबाईलवर वापरा ना."

मी लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ठेवला. तो वाकला. हेल्मेटची काच टक्‌कन खाली पडली, ती वर करून पुन्हा वाकला. "ह्याच्यात स्टार्ट कुठंय?"

"हे विंडोज नाही. लिनक्स आहे."

"काय आहे?"

"लिनक्स."

आजाराचं नाव ऐकल्यावर भेटायला आलेली माणसं जशी एक पाऊल मागं सरतात तसा तो सरला. "व्हायरस असेल, सर."

"मी केव्हाची सांगतेय," स्वयंपाकघरातून आई.

"हे बघा," मी म्हणालो, "राउटरचा चॅनेल तेरावर गेलाय. तो सहावर आणा. बास."

"चॅनेलचं आपल्याकडं नसतं, सर. ते केबलवाला बघतो. आपलं फक्त नेट."

"टीव्हीचा चॅनेल नाही हो, वाय-फायचा."

"वाय-फायवर चॅनेल पाहिजे का? मंग तसं बोला ना. ओटीटीचं पॅक आहे."

आई पदराला हात पुसत बाहेर. "मराठी मालिका लागतात का रे त्यात?"

"सगळ्या लागतात, आजी. मागचे भागपण."

"मागचेपण?"

पुढची दहा मिनिटं माझा संबंध नव्हता. दोन पॅकची तुलना झाली, चहा झाला, तो मूळचा सिन्नरकडचा निघाला, आईच्या माहेरच्या कुणाची तरी तिकडे द्राक्षबाग निघाली. चहा त्यानं हेल्मेटमधूनच प्यायला. ही कला मी ह्यापूर्वी पाहिली नव्हती आणि राग बाजूला ठेवून सांगतो, थेंब सांडला नाही.

मग मी विषय पुन्हा जमिनीवर आणला. "राउटरचा पासवर्ड तेवढा द्या, मीच बदलतो."

"तो वर ऑफिसला असतो."

"ऑफिसला फोन लावा."

"त्यांना आपण नाही लावू शकत. तेच लावतात."

त्यानं स्टूलवर चढून राउटर बंद करून चालू केला. सातव्यांदा. तेरा. मग खाली उतरून हात पुढे केला. मला वाटलं निरोपाचा. "ओटीपी आला असेल, सर."

"कसला?"

"तक्रार बंद करायचा."

"अहो, तक्रार मिटली कुठं?"

"मिटायचं कुठं म्हणतोय मी? बंद करायचीय."

ह्या वाक्यापुढे मी काही क्षण नुसता उभा राहिलो. तोवर त्यानं मोबाईल माझ्याकडे वळवला होता. वर माझा तक्रार क्रमांक, खाली लाल अक्षरात उलटा धावणारा वेळ. अकरा मिनिटं, चाळीस सेकंद. एकोणचाळीस. वेळेत बंद झाली नाही तर त्याचे पैसे कापतात म्हणे. "तुम्ही उद्या नवीन टाका ना, मीच येतो," असं तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरा अजिजीनं. चिडायचं तरी कुणावर? हा दिवसभर उन्हात गाडीवर, डोक्यावर उलटं घड्याळ. ज्यांनी ते घड्याळ लावलं त्यांना मी फोन करू शकत नाही. तेच लावतात.

ओटीपी बायकोच्या नंबरवर. बायको शाळेत, दुसरीच्या वर्गावर. तीनदा कट केला, चौथ्यांदा उचलला.

"अगं, ओटीपी सांग पटकन."

"तास चालू आहे माझा. घे... आठ."

मागून चाळीस पोरं खच्चून, "आठ!"

"दोन."

"दोन!"

"तुम्ही नाही रे बाळांनो. शून्य."

"शून्य!"

शेवटचा आकडा पोरांच्या गलक्यात गेला. मी सात ऐकला, हेल्मेटमधून त्यानं आठ ऐकला. आठच होता.

जाता जाता त्यानं कारण निवडायची यादी उघडली. "काय टाकू, सर?" मी डोकावलो. वीज नव्हती, घर बंद होतं, ग्राहकास वापर समजावून सांगितला. बरोबर तीन. 'चॅनेल' कुठंच नव्हतं. "वीज नव्हती टाका," मी म्हणालो. "ते खोटं होईल ना सर," असं म्हणून त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं.

चार-पाचशे रुपयांचा यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं वाय-फाय कार्ड, घे आणि लाव, असं बायको म्हणते. घेईन. पण लगेच नाही. थोडं मानाचं आहे.

आईचं ओटीटी पॅक मात्र तो जिन्यावरून खाली उतरायच्या आत चालू झालं. त्याला ओटीपी लागला नाही. रात्री नव्या राउटरवर, विनाअडथळा, मालिकेचे मागचे चार भाग झाले, आणि मधल्या वेळात पाणी प्यायला उठलेली आई माझ्या पिवळ्या वायरीपाशी येऊन थांबली, पायानं ती जरा बाजूला सारली आणि म्हणाली, "दारात काय बसलायस रे? लाव ते दार, डास येतायत."