रसायनशास्त्र आवडतं, एवढंच पुरेसं नाही

शाळेत रसायनशास्त्र आवडत असेल तर डोळे झाकून केमिकल इंजिनिअरिंग घ्यावं, हा शाखा निवडण्याबद्दलच्या एका लेखातला सल्ला मला पटला नाही. या शाखेत नव्या अभिक्रिया शोधण्यापेक्षा उष्णता, प्रवाह आणि गणित यांच्याशीच जास्त झुंजावं लागतं. ज्यांना हे आधी कुणी सांगत नाही ती मुलं दुसऱ्या वर्षी फार खचतात, आणि ते पाहून वाईट वाटतं.

एकच उदाहरण घ्या. फ्लास्कमध्ये निमूट होणारी उष्णतादायी अभिक्रिया मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये हाताबाहेर का जाते? भांड्याची प्रत्येक मिती १० पट केली की आकारमान १००० पट होतं, पृष्ठभाग मात्र १०० पटच. उष्णता तयार होते सगळ्या आकारमानात, आणि जॅकेटमधून, म्हणजे भांड्याभोवतीच्या थंड करणाऱ्या आवरणातून, बाहेर पडते ती पृष्ठभागातूनच. म्हणून मग आत थंड करणाऱ्या नळीची कॉइल बसवायची, कच्चा माल हळूहळू सोडायचा. हे ज्याला मनापासून रंजक वाटतं, त्याने ही शाखा जरूर घ्यावी.

लेखात युनिट ऑपरेशन्सचा, म्हणजे ऊर्ध्वपातन, गाळणं, वाळवणं अशा वेगवेगळ्या उद्योगांत सारख्याच असणाऱ्या मूलभूत क्रियांचा, उल्लेखही नाही. अमेरिकन रसायनतज्ज्ञ आर्थर लिटल यांनी ही कल्पना १९१५ मध्ये मांडली. ऊर्ध्वपातन दारूचं असो वा खनिज तेलाचं, तत्त्व तेच. (त्याआधी १८८७ मध्ये जॉर्ज डेव्हिस यांनी मँचेस्टरमध्ये याच दिशेची व्याख्यानं दिली होती.)

प्रक्रिया संगणकावर चालवून पाहणारं सिम्युलेशन सॉफ्टवेअर लवकर शिका, हा लेखातला सल्ला ठीक. पण आधी मॅकेब-थीलेची आकृती, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात किती प्लेट्स (आडव्या थाळ्या) लागतील हे दाखवणारा आलेख, हाताने काढा. रिफ्लक्स, म्हणजे वर थंड करून स्तंभात परत सोडलेला द्रव, वाढवला की प्लेट्स का कमी लागतात, हे कागदावरच नीट दिसतं.