जुनं अ‍ॅक्शन का नाकारलं, बोल्ट का जड लागतो: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय नीट वाचला. घरातलं जुनं लष्करी माउझर ९८ अ‍ॅक्शन नाकारून आम्ही नवं गळ्यात मारलं, मित्राच्या तीन लगवाल्या रायफलचा बोल्ट एका बोटाने उघडतो पण तुमचा जड आहे, सुटं काडतूस चेंबरमध्ये टाकलं की बोल्ट मिटत नाही, आणि शॉर्ट अ‍ॅक्शन लावलं असतं तर रायफल हलकी झाली असती, असं तुमचं म्हणणं आहे. उत्तर इथेच सगळ्यांसमोर देतो, कारण शिकारीची रायफल बांधून घेणारा जवळजवळ प्रत्येक जण याच प्रश्नांपाशी येऊन थांबतो. नवख्यांसाठी थोडक्यात: बोल्ट म्हणजे काडतूस नळीच्या मागच्या टोकात, म्हणजे चेंबरमध्ये, ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा. लग म्हणजे त्याला जागी अडकवणारे खुंट, रिसीव्हर म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो ते कवच, आणि हे सगळं मिळून अ‍ॅक्शन. शॉर्ट अ‍ॅक्शन म्हणजे आखूड काडतुसांसाठीचं अ‍ॅक्शन.

आधी तातडीचं. सुटं काडतूस चेंबरमध्ये टाकून बोल्ट जोराने पुढे मारू नका. तुमच्या अ‍ॅक्शनला माउझर पद्धतीचा लांब एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसाची कड धरून ते बाहेर ओढणारा हुक आहे. मॅगझीनमधून काडतूस वर सरकतं तेव्हा त्याची कड खालून वर येत त्या हुकाखाली जाऊन बसते. काडतूस आधीच चेंबरमध्ये असेल तर हुकाला त्या कडेवरून उडी मारावी लागते. काही अ‍ॅक्शनमध्ये त्यासाठी हुकाला उतार दिलेला असतो, तुमच्यात तो नाही. जबरदस्ती केली तर हुकाचा टवका उडेल. एकच गोळी झाडायची असली तरी काडतूस मॅगझीनमध्ये दाबून बसवा आणि मग बोल्ट पुढे न्या. हा बिघाड नाही, या रचनेची ती रीत आहे.

आता जुन्या अ‍ॅक्शनबद्दल. माउझर ९८ ही रचना जर्मन सैन्याने १८९८ साली स्वीकारली आणि मला ती आजही मनापासून आवडते: पुढे दोन लग, मागे तिसरा सुरक्षा लग, प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, फुटलाच तर वायू बाजूला सोडणारी बोल्टवरची भोकं. नकार त्या रचनेला नव्हता, तुम्ही आणलेल्या त्या एका नगाला होता. फायरिंग पिन (प्रायमरवर आदळणारी सुई) आणि एक्स्ट्रॅक्टर काढून, बोल्ट मागे ओढून धरत हँडल उचललं, की ते मध्येच अडखळत होतं. तुमच्याच हाताने ते करून बघितलंत. रिसीव्हरच्या आत लग जिथे टेकतात तिथे खळगे पडले होते आणि लग त्यातून चढून बाहेर येताना अडत होते.

त्या काळचे रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचे असत आणि त्यांचा फक्त वरचा पातळ थर कठीण केलेला असे. खळगा घासून सपाट करता येतो, पण घासताना तोच कठीण थर निघून जातो. मग खालचं मऊ पोलाद पुन्हा दबत जातं आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि चेंबरमधला काडतुसाचा टेका यांतलं अंतर, वाढत राहतं. काडतुसाची पितळी पुंगळी बुडाजवळ ताणली जाते आणि एखाद दिवशी फाटते. तुमच्या रायफलच्या ३०-०६ काडतुसाचा कमाल दाब ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो, आणि तो तुमच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो. या भीतीला आधार आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड कारखान्याच्या १९०३ रायफलींचे ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाचे रिसीव्हर ठिसूळ असू शकतात, म्हणून जाणते कारागीर आजही त्यांच्यावर रायफल बांधत नाहीत. शिवाय तुमच्या जुन्या अ‍ॅक्शनचं हँडल दुर्बिणीला आडवं येत होतं आणि सेफ्टीचा उभा पंखाही दुर्बिणीला लागत होता. हँडल बदलणं, भोकं पाडणं, नवी सेफ्टी बसवणं ही सगळी मजुरी आम्हालाच मिळाली असती. ती सोडून नवं अ‍ॅक्शन सुचवलं.

बोल्ट जड लागतो, हे खरं आहे. उघडताना हँडल वर जातं तेव्हाच फायरिंग पिनची स्प्रिंग ताणली जाते. तुमच्या दोन लगच्या बोल्टला ते काम करायला ९० अंश मिळतात, तीन लगवाल्याला साधारण ६०. चढ तेवढाच आणि वाट आखूड, म्हणजे चढण खडी. त्यामुळे तीन लगचा बोल्ट उचलायला सहसा जास्त जोर लागतो. बक्षीस म्हणून हँडल दुर्बिणीपासून दूर राहतं. मित्राची रायफल कशी उघडून बघितलीत, हे आठवा. आधी चाप ओढलेला नसेल तर स्प्रिंग ताणलेलीच असते आणि कुठलाही बोल्ट लोण्यासारखा उघडतो. दोन्ही रायफली रिकाम्या असल्याची खात्री करून, दोन्हींचा चाप ओढून मग तुलना करा. कॉकिंगच्या, म्हणजे स्प्रिंग ताणणाऱ्या, उतारावर आणि लगच्या मागच्या बाजूला ग्रीसचा हलका हात द्या, घर्षण कमी होईल. पण रिकाम्या रायफलचा बोल्ट ठीक चालतो आणि गोळी झाडल्यावरच अडतो, असं होत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, काडतुसाचा दाब जास्त असू शकतो. प्रायमर चपटे झालेले दिसले तर ती काडतुसं वापरणं लगेच थांबवा.

पुश फीड, म्हणजे काडतूस हुकाने आधी न धरता नुसतं पुढे ढकलणारी पद्धत, वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नाही. रेमिंग्टन ७०० १९६२ सालचं आहे. त्याचा गोल रिसीव्हर अचूक करायला आणि दस्त्यात नीट बसवायला सोपा पडतो, म्हणून नेमबाज त्याच्यावर खूश असतात. पण तुम्ही पहिल्या भेटीत सांगितलं होतं की दाट झाडीत, जवळून, रानडुकरामागे जायचं आहे. तिथे घाईत हात अर्धवट चालतो. पुश फीडमध्ये बोल्ट पुढे ढकलला, पण हँडल खाली न दाबता मागे ओढला, तर काडतूस चेंबरमध्येच राहू शकतं. पुढच्या फेरीत दुसऱ्या काडतुसाचं टोक त्याच्या बुडावर जाऊन आदळतं आणि रायफल अडते. हुकाने धरलेलं काडतूस बोल्टबरोबर परत मागे येतं. विंचेस्टरने १९३६ सालच्या मॉडेल ७० मधली ही पद्धत १९६४ साली काढून टाकली तेव्हा शिकारी इतके नाराज झाले की जुन्या रायफलींना आजही ‘प्री-६४’ म्हणून जास्त भाव मिळतो. पुढे कंपनीने ती पद्धत परत आणली.

शॉर्ट अ‍ॅक्शनचं उत्तर काडतुसातच आहे. ३०-०६ ची कमाल लांबी ८४.८ मिलिमीटर, ३०८ विंचेस्टरची ७१.४. तुम्ही ३०-०६ वर ठाम होतात, आणि ते शॉर्ट अ‍ॅक्शनच्या मॅगझीनमध्ये मावतच नाही. वजनच खुपत असेल तर नळीकडे बघू. तिची जाडी कमी केल्याने जेवढं वजन उतरेल तेवढं अ‍ॅक्शन आखूड केल्याने उतरणार नाही.

रायफल रिकामी करून, बोल्ट वेगळा काढून घेऊन या, आणि झाडलेल्या काही पुंगळ्याही आणा. हुक, लग आणि हेडस्पेस तुमच्यासमोर गेज लावून तपासू, त्याचे पैसे घेणार नाही. सगळं बघूनही पुश फीडच हवं असेल तर तेही बांधून देऊ. फक्त नळीचे आटे आणि दस्त्याची खाच जशीच्या तशी जुळणार नाही, तेव्हा काय वापरता येईल आणि काय नवं लागेल ते आधी लेखी देतो. ते वाचून ठरवा.