“कर्ज फिटलं, आता वही मिटा” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय. गेल्या पंधरा दिवसांत माझ्याकडे तो तिघांकडून आला. शेवटचा नणंदेकडून, खाली टाळ्यांच्या चित्रांची रांग लावून. मजकूर साधारण असा:

“शेवटचा हप्ता भरलात? अभिनंदन! आता बजेट, वही, हिशेब सगळं बंद. १) हप्त्याची रक्कम आता आपोआप शिल्लक पडेल. २) इतकी वर्षं मन मारलंत, आता मनासारखं जगा. ३) अडीअडचणीला क्रेडिट कार्ड आहेच, पैसा उगाच बाजूला अडकवू नका. ४) हवंच असेल तर ५०-३०-२० चा नियम लावा, डोकं शांत. ५) उरेल ते सगळं जास्तीत जास्त परतावा मिळेल तिथे टाका.”

आमच्या घरचं शेवटचं कर्ज फिटून दोन वर्षं झाली. त्यानंतरचे पहिले तीन महिने आम्ही अगदी याच मेसेजबरहुकूम वागलो. तेव्हा मेसेज आला नव्हता, अक्कल आमची स्वतःचीच होती. म्हणून एकेक मुद्दा घेते. आकडे सोपे जावेत म्हणून घराचं महिन्याचं उत्पन्न १०० धरते. त्यातले ३० हप्त्यात जायचे आणि ७० मध्ये घर चालायचं. आमचं प्रमाण खरोखरच याच्या आसपास होतं.

“हप्त्याची रक्कम आपोआप शिल्लक पडेल”

नाही पडत. पहिल्याच महिन्याच्या शेवटी वही उघडली तर शिल्लक होती ४. तीस राहायला हवे होते.

“अगं, हप्ता तर गेलाच नाही या महिन्यात. मग गेले कुठे?” नवऱ्याने विचारलं.

“तेच शोधतेय. तू काही मोठं घेतलंस?”

“मी कशाला घेऊ? तू?”

दोघांनीही काही घेतलं नव्हतं. बोट ठेवावं असा एकही खर्च वहीत नव्हता. मोबाइलचे प्लॅन एकेक पायरी वर चढले होते. लेकीचा एक जादा क्लास सुरू झाला होता. बाहेर जेवणं दोनाची पाच झाली होती, आणि दुकानात जायचा कंटाळा म्हणून वस्तू घरपोच मागवल्याचे सुटे आकार पानभर पसरले होते. प्रत्येक वेळी कोणीतरी “असू दे” म्हणालं होतं. शंभरातले सव्वीस “असू दे”मध्ये गेले.

तेव्हा एक गोष्ट उशिरा लक्षात आली. कर्जाच्या काळात आमच्या घरात “हप्ता जाऊ दे, मग बघू” हे एकच वाक्य सगळे वाद मिटवायचं. लेकीला नाही म्हणायचं असो, एकमेकांना म्हणायचं असो किंवा पाहुण्यांच्या बेताला, वाईटपणा हप्त्याकडे जायचा. सावकार हा घरातला न बोलावलेला वडीलधारा होता. तो गेला आणि नाही म्हणणारं घरात कोणी उरलंच नाही. आम्ही काटकसरी आहोत अशी आमची समजूत होती. खरं म्हणजे काटकसर हप्त्याची होती, आम्ही फक्त तिच्या धाकात होतो.

यात नवीन काही नाही. मिळकत वाढली की खर्च तिला गाठायला वर चढतोच, असं ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९६० मध्येच म्हणून ठेवलंय. हप्ता संपणं ही एका अर्थी पगारवाढच असते, तीही घसघशीत ३० टक्क्यांची, आणि एकाच महिन्यात हातात पडणारी.

मग उपाय? रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोन अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये एका योजनेचे निकाल मांडले. कर्मचाऱ्यांना आज एक पैसाही बाजूला टाकायला सांगायचं नाही. पुढच्या पगारवाढीतला काही भाग परस्पर बचतीत वळवायला आजच होकार घ्यायचा, एवढंच. जे सामील झाले त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. त्यांचा मनोनिग्रह काही वाढला नव्हता. पैसे हातात यायच्या आधीच त्यांची वाट ठरलेली होती, म्हणून ते टिकले.

कर्ज फिटणाऱ्या घराला ही सोय आयती मिळते, कारण शेवटच्या हप्त्याची तारीख आधीच ठाऊक असते. त्याच तारखेला, तेवढीच रक्कम, त्याच खात्यातून दुसऱ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला शेवटच्या हप्त्याच्या आधीच देऊन ठेवायची. आम्ही ती चौथ्या महिन्यात दिली. त्या खात्याचं कार्ड घेतलं नाही आणि फोनवर त्याचं ॲपही ठेवलं नाही.

“आता मनासारखं जगा”

हा मुद्दा मला झटकून टाकता येत नाही. सात वर्षं ओढाताण केलेल्या घराला “अजून थोडं थांबा” सांगणं क्रूरपणा आहे, आणि ते चालतही नाही. दाबून ठेवलेली हौस एक दिवस अशी उसळते की नवं कर्जच काढायला लावते. प्रश्न किती, एवढाच आहे. त्याचं गणित मी एकदा कागदावर मांडलं आणि तो कागद अजून वहीत आहे.

सहा महिन्यांच्या घरखर्चाची बेगमी करायची आहे असं धरू.

हप्ता संपल्यावरही घर ७० मध्येच चालवलं तर महिन्याला ३० उरतात. सहा महिन्यांचा खर्च ४२०. म्हणजे १४ महिने लागतील.

खर्च ५ ने वाढवला, ७५ केला, तर उरतात २५. पण आता सहा महिन्यांचा खर्चही ४५० झाला. लागतील १८ महिने.

खर्च १५ ने वाढवला, ८५ केला, तर उरतात १५ आणि गाठायचे आहेत ५१०. लागतील ३४ महिने.

वाढवलेला खर्च असा दोन्हीकडून कापतो. बचत कमी होते आणि जिथे पोचायचं ते ठिकाणही लांब सरकतं. मन सहसा पहिलंच धरतं. “अर्धे खर्च केले, अर्धे वाचवले” हे ऐकायला किती समंजस वाटतं! पण अर्धे खर्च केल्यावर वेळ दुप्पट लागत नाही, १४ चे ३४ महिने होतात. उलट ५ ची मोकळीक घेतली तर फक्त चार महिने जास्त.

आम्ही पाच घेतले. ते तिघांत वाटले आणि त्यांचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही असं ठरलं. नवऱ्याने पहिल्या महिन्यात त्यातून काय आणलं ते सांगत नाही, कारण विचारायचं नाही असं ठरलंय. (दिसतंय मात्र. गॅलरीत पडून आहे.)

“अडीअडचणीला क्रेडिट कार्ड आहेच”

हा मेसेजमधला सगळ्यात धोकादायक मुद्दा.

कार्डाची थकबाकी ठरलेल्या मुदतीत पूर्ण फेडली नाही की त्यावर महिन्याच्या दराने व्याज चढतं. तो दर महिना ३ टक्के धरा. ७२ ला दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला किती मुदत लागते याचा अंदाज येतो. हे सूत्र जुनं आहे, इटालियन गणिती लुका पाचोलीच्या १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ते सापडतं. ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. आजारपणात कार्डावर काढलेले १०० दोन वर्षं तसेच राहिले तर २०० होतात. वर्षाला ६ टक्के देणाऱ्या ठेवीला तेवढंच वाढायला १२ वर्षं लागतात. हेच सूत्र एकाच्या बाजूने धावतं आणि दुसऱ्याच्या मागे लागतं.

शिवाय कार्डाची मर्यादा हा आपला पैसा नव्हेच. ती देणाऱ्याची मर्जी असते. नोकरी गेली, उत्पन्न थांबलं की ती मर्यादा कमी होऊ शकते, म्हणजे नेमकी ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी. पावसात परत मागितली जाईल अशी छत्री घेऊन बाहेर पडण्यासारखं आहे हे.

आणि ‘अडीअडचण’ या शब्दाबद्दलही थोडं बोलायला हवं. आमचं कर्ज कसं वाढत गेलं ते शोधायला मी जुन्या वह्या काढल्या. मोठं आजारपण सात वर्षांत एकदाच आलं होतं. बाकी ज्यांना आम्ही “अचानक आलेला खर्च” म्हणत होतो ते सगळे तारीख देऊन आले होते. शाळेची वार्षिक फी, विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, नातलगांकडची कार्यं. हे दरवर्षी येतात आणि दरवर्षी आपण दचकतो! आता वर्षाच्या सुरुवातीला अशा खर्चांची यादी करते, बेरीज मांडते आणि तिला बाराने भागते. बेरीज ६० आली तर महिन्याला ५. हे पाच घरखर्चाच्या ७५ मधलेच असतात, बचतीतले नाहीत. फक्त येतील त्या महिन्यापर्यंत ते वेगळे ठेवायचे. एवढ्यानेच आमची निम्मी उधारी टळली असती.

“५०-३०-२० चा नियम लावा”

हा नियम अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ मध्ये मांडला. गरजा ५०, हौस ३०, उरलेले २० बचत आणि कर्जफेड. मेसेज लिहिणाऱ्याने शेवटचा शब्द गाळलाय. नियमातले ते २० कर्ज असलेल्या घरालाही धरून आहेत. ज्याने नुकतेच महिन्याला ३० फेडून दाखवलेत त्याला २० वर उतरायला सांगणं म्हणजे पुढच्या वर्गात गेलेल्या पोराला पुन्हा खालच्या वर्गात बसवणं. ज्याला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही त्याच्यासाठी नियम चांगला आहे. आपण तिथे नाही.

वही बंद करा म्हणतात त्याबद्दल मात्र मी अर्धी सहमत आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरच्या जमाखर्चाची छापील वही काढली. ती सर्वसाधारण घरांसाठी होती, कर्जात बुडालेल्यांसाठी नव्हे. तेव्हा वही म्हणजे कर्जबाजाऱ्याची खूण, हे खरं नाही. पण दररोजचा पैन् पै लिहायची गरज आता मलाही वाटत नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तीन आकडे लिहिते: आले किती, बचत खात्यात गेले किती, घरात लागले किती. तोंडमिळवणी झाली नाही तरच मागचं उकरायचं.

“जास्तीत जास्त परतावा मिळेल तिथे टाका”

पहिल्या वर्षी परताव्याला जवळजवळ काहीच अर्थ नसतो. महिन्याला २५ टाकले तर वर्षाचे ३०० होतात. त्यावर ६ टक्के दराने वर्षअखेर साधारण ३१० होतील, १२ टक्क्यांनी ३२०. फरक दहाचा, म्हणजे एका महिन्याच्या बचतीच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या दहासाठी लोक रात्र रात्र व्हिडिओ बघतात आणि एखाद्या महिन्याचे २५ टाकायचे राहून गेले ते मात्र लक्षातही येत नाही.

शिवाय जिथे परतावा जास्त तिथे चढउतारही जास्त. १०० चे ५० झाले तर पुन्हा १०० व्हायला ५० टक्के वाढून भागत नाही, १०० टक्के वाढावं लागतं. तेवढा काळ थांबता येत असेल तर हरकत नाही. पण सहा महिन्यांची गंगाजळी त्यात असेल आणि नोकरी त्याच मंदीत गेली, तर ५० वरच काढावे लागतात.

लांबच्या मुदतीचं मात्र उलट आहे, तेही सांगायला हवं. २४ वर्षांत ६ टक्क्यांनी पैसे चौपट होतात, १२ टक्क्यांनी सुमारे पंधरापट. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी गंगाजळी, मगच लांबचा पैसा. आमचे अठरा महिने नुकतेच भरले. परताव्याच्या गप्पा आम्ही आता कुठे सुरू केल्यात.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी

शेवटचा हप्ता गेला म्हणजे कर्ज बंद झालं असं आम्ही धरून चाललो. हप्ता संपल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात त्याच तारखेला तेवढीच रक्कम पुन्हा कापली गेली, कारण खात्यातून हप्ता कापायला दिलेली परवानगी कोणी रद्द केलेलीच नव्हती. पैसे परत मिळाले, पण तीन अर्ज आणि पाच आठवड्यांनी. तेव्हा परवानगी स्वतःहून रद्द करा, कर्ज फिटल्याचा दाखला लेखी घ्या, तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं मोजून परत घ्या, आणि महिना-दोन महिन्यांनी आपल्या पत अहवालात (आपल्या कर्जांची नोंद असते त्या अहवालात) ते खातं ‘बंद’ दिसतंय का ते बघा.

दुसरी गोष्ट विम्याची. कर्ज घेताना त्याच्यासोबत जीवनविमा घेतला असेल तर तो बहुधा त्या कर्जापुरताच असतो आणि कर्जाबरोबरच संपतो. आमचा संपला. त्याच्या भरवशावर आम्ही दुसरा कुठलाच घेतला नव्हता. त्यामुळे ज्या महिन्यात घर कर्जमुक्त झालं म्हणून आम्ही खुशीत होतो, त्याच महिन्यापासून कमावत्या माणसामागे एक पैशाचंही संरक्षण उरलं नव्हतं. हे नवऱ्याच्या ध्यानात आलं सातव्या महिन्यात, दुसरंच काहीतरी शोधायला फाइल उघडली तेव्हा. नणंदेला मी टाळ्यांच्या उत्तरादाखल एवढंच लिहिलंय: “वन्सं, तुमची फाइल आज काढून बघा.”