सिन्योरा, शूऽऽ!

परवा आमच्या सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टूर मॅनेजर मुलीचा निरोपाचा मेसेज आला. सगळ्यांचे आभार, पुन्हा भेटूया, हात जोडलेले, फुलं, इटलीचा झेंडा. आणि त्याखाली एक ओळ: ‘मिलानमध्ये आपल्या एका ज्येष्ठ मॅडमना गार्डने टोकलं तेवढं सोडलं, तर सगळं सुरेख झालं.’

ज्येष्ठ मॅडम म्हणजे मी. मला साठ पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं चार महिने आहेत. टोकलं ते मला, हे कबूल. पण बोलत मी नव्हते. मी फक्त ‘हो का’ म्हटलं होतं. तीनदा. फार तर चारदा.

दहा दिवस, बावीस माणसं, इटली. ऑपेरा आणि चित्रकलेच्या रसिकांसाठी खास. माणशी सहा लाखांच्या वर गेले, कारण ब्रोशरमध्ये ‘क्युरेटेड’ हा शब्द होता. ही लक्झरी नेमकी कशात असते ते मला दहाव्या दिवशीही कळलं नाही. बॅगा सकाळी सहाला दाराबाहेर ठेवायच्या, त्या दुसरा माणूस उचलतो. म्हणजे पहाटे पाचला उठून, आवरून, दात घासलेला ब्रश कुठे कोंबायचा या विचारात उभं राहायचं, आणि वर बॅग आपण उचलली नाही म्हणून खूश व्हायचं.

ऑपेराशी माझा आधीचा संबंध फारसा नव्हता. माझ्या पिढीच्या मुंबईकराला ऑपेरा म्हणजे ऑपेरा हाऊस, आणि ऑपेरा हाऊस म्हणजे चर्नी रोडला उतरून जायचा भाग. तिथल्या थिएटरात मी बाबांबरोबर हिंदी सिनेमे पाहिले. १९९३ला ते बंद पडलं, २०१६ला पुन्हा उघडलं, आणि मधल्या काळात मी संगीत नाटकांवर निभावलं. आमच्या संगीत नाटकात निदान ‘पाणी आण’ हे बोलून सांगतात. ऑपेरात तेसुद्धा गाऊन. पण सवय होते, आणि झाली की आवडतं. चित्रांची मात्र मी तयारी केली होती. दोन महिने वाचन. त्यातही एका चित्राची जास्त.

आता इंजिनिअरसाहेब.

एका सरकारी खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मुलगी म्युनिकला. तिने आई-बाबांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून ही सहल दिलेली. त्यांच्या बाईंना गाण्याचं वेड. साहेब स्वतः सांगायचे, ‘मी आपला हिचं सामान उचलायला आलोय.’ आणि सामान उचलायला तर माणूस होता! त्यामुळे त्यांना दहा दिवस काहीच काम उरलं नव्हतं. रोममध्ये भिंत दिसली की बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचे. फ्लॉरेन्सला डेव्हिडच्या पुतळ्यासमोर आम्ही सगळे माना वर करून उभे होतो, सतरा फुटांचा तो देह, १५०४ सालचा, आणि हे एकटे वाकून त्याच्या घोट्याकडे बघत होते. गाईड म्हणाली की घोट्याला बारीक तडे आहेत. तेव्हापासून साहेबांचा स्वतःवरचा विश्वास वाढला तो वाढलाच.

आणि मग मिलान. लिओनार्डो दा विंचीचं ‘द लास्ट सुपर’, म्हणजे येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण. सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए चर्चच्या बाजूला जुन्या मठाचं भोजनगृह आहे, त्याच्या भिंतीवर. तिकीट महिनोन्महिने आधी काढावं लागतं आणि एका वेळी मोजक्याच माणसांना बरोबर पंधरा मिनिटं आत सोडतात. त्याआधी काचेच्या दारांतून जावं लागतं. मागचं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. आम्ही मध्ये उभे, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यासारखे. साहेब खुशीत म्हणाले, “धूळ आणि दमट हवा आत जाऊ नये म्हणून. चांगलं केलंय.”

दार उघडलं. लांबलचक, जवळजवळ रिकामी खोली, आणि टोकाच्या भिंतीवर ते. जवळपास एकोणतीस फूट रुंद. ‘तुमच्यातलाच एक जण माझा घात करणार’ हे वाक्य येशूच्या तोंडून नुकतंच पडलंय आणि ते टेबलाच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचतंय, तो क्षण. मी ठरवून आले होते की आधी फक्त हात बघायचे. तेरा माणसांचे हात. मी डावीकडून सुरुवात केली. डोळे त्या मंद उजेडाला सरावत होते, तेवढ्यात उजव्या कानाजवळ आवाज आला.

“वहिनी, ओल आहे.”

मी म्हटलं, “हो का.” सभ्यपणा नडतो तो असा.

“वरून नाही. वरून असती तर नकाशे उमटले असते. ही पलीकडून आलीय. भिंतीमागे काय आहे? मोरी?”

नेमकं त्याच वेळी आमच्या कानातल्या यंत्रातून गाईड सांगत होती की भिंतीपलीकडे मठाचं स्वयंपाकघर होतं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ते स्वयंपाकघर त्यांनीच तिथे नेऊन ठेवलंय.

“आणि हा रंग. प्लास्टर ओलं असताना द्यायचा असतो, मग भिंत तो धरते. यांनी सुकल्यावर दिलाय. पोपडे धरणारच.”

गाईड कानात: लिओनार्डोला सावकाश, थांबत थांबत, सुधारत काम करायचं होतं. ओल्या प्लास्टरवर ते जमत नाही, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं. १४९५च्या सुमारास घेतलं, १४९८ला संपवलं, आणि तो जिवंत असतानाच चित्र झडायला लागलं.

“जिवंत असताना!” साहेबांचा आवाज एक पायरी चढला. “म्हणजे डिफेक्ट लायबिलिटी पिरियडमध्येच, ठेकेदाराच्या हमीच्या मुदतीतच. बिल पास कोणी केलं?”

“मिलानच्या ड्यूकने,” मी पुटपुटले. दोन महिन्यांचं वाचन असं कामी आलं.

“मग विचारायलाच नको.”

मी डोळे पुन्हा चित्रावर नेले. तिसऱ्या माणसाच्या हातापर्यंत पोचले होते.

“वहिनी, दार कोणी पाडलं हे?”

दाराचं खरं आहे. चित्राच्या खालच्या कडेला, बरोबर मध्यावर, कमानीसारखा एक तुकडा गायब आहे आणि त्याबरोबर येशूचे पाय. १६५२ साली मठाच्या लोकांनी स्वयंपाकघरात जायचं दार मोठं करताना ते उडवले. हे मी त्यांना सांगितलं. का सांगितलं, देव जाणे.

“सोसायटीची परवानगी?”

“मठातलेच साधू होते हो ते.”

“म्हणजे कमिटी मेंबर,” साहेब म्हणाले, आणि त्या एका शब्दात साडेतीनशे वर्षांचा विषय मिटला.

इथपर्यंत सात-आठ मिनिटं गेली असावीत. मग साहेबांनी जे केलं ते त्या खोलीत फार थोड्या लोकांनी केलं असेल. त्यांनी लिओनार्डोकडे पाठ फिरवली.

“वहिनी, इकडे बघा. याला म्हणतात काम.”

समोरच्या भिंतीवर दुसरं एक प्रचंड चित्र आहे. येशूला सुळावर दिल्याचं. मोंतोर्फानो नावाच्या चित्रकाराने १४९५ला काढलेलं. माणसं, घोडे, मागे शहर, नुसती गर्दी. त्यासाठी कोणी मिलानला येत नाही. पण रंग बघाल तर त्या मानाने धडधाकट! त्याने ते रीतसर ओल्या प्लास्टरवर काढलं. आणि त्याच भिंतीच्या खालच्या कोपऱ्यांत ड्यूक, त्याची बायको आणि मुलं गुडघे टेकून बसलेली आहेत. ती नंतर घातलेली, लिओनार्डोच्या हातची म्हणतात, कोरड्यावर. त्यांची आता भुतं उरलीत. अंधुक, पांढुरकी.

इंजिनिअरसाहेबांना हे कळलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. माणसं काशीला जाऊन येतात तेव्हा असा होतो.

“एकाच भिंतीवर दोन्ही पद्धती! वहिनी, हा ट्रायल पॅच आहे! रिझल्ट समोर आहे, पाचशे वर्षांचा! आणखी काय पुरावा पाहिजे?”

सगळी खोली एका बाजूला तोंड करून उभी, आणि आम्ही दोघं उलट. त्यांचा आवाज आता सभेत बोलल्यासारखा. त्यांना खाली आणावं म्हणून मी मुद्दाम हलक्या, समजुतीच्या सुरात म्हटलं, “होऽ का.”

“सिन्योरा! शूऽऽ!”

गार्डचं बोट माझ्याकडे. माझ्याकडेच. बावीसच्या बावीस माना वळल्या, त्यांत माझ्या नवऱ्याची होती. आणि सगळ्यांत शेवटी साहेबांचीही वळली. अत्यंत हळुवारपणे, मोठ्या भावासारखे, ते म्हणाले, “वहिनी, जरा हळू.”

मग वेळ संपल्याची सूचना झाली आणि पलीकडच्या दारातून आम्हाला बाहेर काढलं. माझ्या वाट्याला निव्वळ लिओनार्डो आला तो अडीच मिनिटांचा. हात मोजून पाच. बाहेर नवरा विचारतो, “पैशाची थैली धरलेला तो घातकी जूडास पाहिलास ना? अप्रतिम!” मी ओल पाहिली म्हटलं.

पंधरा मिनिटांचा नियम मला समजतो. आपल्या श्वासाची वाफसुद्धा त्या भिंतीला सोसत नाही. तिची शेवटची दुरुस्ती वीस वर्षांहून जास्त चालली, १९९९ला संपली. तेव्हा पंधरा तर पंधरा. पण मग फ्लॉरेन्सला चामड्याच्या दुकानात सव्वा तास कशाला? तिथे कुणाच्या श्वासाने काय झडणार होतं? त्या सव्वा तासात एक माणूस माझ्यासमोर जाकीट पेटवायला लायटर धरून उभा होता, अस्सल चामडं जळत नाही हे दाखवायला. सहा लाखांत हेही क्युरेट केलेलं. मी तक्रार केली तर टूर मॅनेजर मुलगी म्हणाली, “मॅम, गेस्टना शॉपिंग लागतंच.” मी गेस्ट नव्हते का?

बसमध्ये साहेब पुढच्या सीटवरून मान वळवून म्हणाले, “१९४३ला बॉम्ब पडला ना, तेव्हा छप्पर गेलं, बाजूची भिंत गेली. चित्राची राहिली. का? वाळूची पोती लावली होती. साधी वाळूची पोती, वहिनी.” आणि चष्मा पुसायला लागले. त्यांचं म्हणणं सगळं खरं होतं. त्याचाच मला जास्त राग आहे.

खरं तर गप्प करण्याबद्दलच माझं जुनं भांडण आहे. आपल्याकडे बैठकीत गवयाने समेवर आणून सोडलं आणि समोरचे गप्प बसले, तर तो अपमान. ‘वा’ निघायलाच हवा. आणि हे इटलीवाले तरी कुठले शहाणे? १८५३ला व्हेनिसमध्ये ‘ला त्राविआता’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाला लोक हसले, कारण क्षयाने मरणारी नायिका चांगली धष्टपुष्ट होती. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात वरच्या गॅलरीतल्या रसिकांनी २००६ला ‘आयडा’च्या नायकाची अशी हुर्यो उडवली की तो भर प्रयोगात निघून गेला आणि बदली गायकाला घरच्या कपड्यांत रंगमंचावर ढकललं. हे चालतं. माझं ‘हो का’ चालत नाही.

दोन दिवसांनी व्हेरोना. तिथलं रोमन अखाडा-थिएटर पहिल्या शतकातलं. १९१३ला संगीतकार व्हर्दीच्या जन्मशताब्दीला तिथे ‘आयडा’ केलं, तेव्हापासून उन्हाळ्यात तिथे उघड्यावर ऑपेरे होतात. ब्रोशरमध्ये ‘ऐतिहासिक आसनव्यवस्था’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे दगडाची पायरी. उशी भाड्याने.

साहेब आले तेच बाहेरची कडा बघून. १११७च्या भूकंपात बाहेरचं कडं बहुतेक सगळं कोसळलं, आता चार कमानी उभ्या आहेत. त्यांनी त्या मोजल्या. मी ठरवून तीन माणसं सोडून बसले होते, पण दुसऱ्या अंकाआधी चार थेंब पडले, वादक वाद्यं छातीशी धरून आत पळाले, आणि त्या अर्ध्या तासाच्या उठबशीत कोण कुठे सरकलं कळलं नाही. पाऊस थांबला तेव्हा साहेब माझ्या शेजारी. मी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि वाट बघायला लागले. पायऱ्यांवरचं पाणी कुठे जातं, यावर आता तासभर.

एक शब्द बोलले नाहीत.

मध्यरात्र उलटून गेली होती. शेवटच्या प्रवेशात नायकाला देवळाखालच्या तळघरात जिवंत पुरतात आणि आयडा आधीच तिथे लपून बसलेली असते. वर देऊळ, खाली तळघर. मला वाटलं, आता वायुवीजन निघणार. पण साहेब कोपर गुडघ्यावर टेकून पुढे वाकले होते, आणि त्यांच्या बाईंची शाल, पर्स, पाण्याची बाटली, कॅटलॉग, सगळं त्यांच्याच मांडीवर होतं. गाणं इतकं हळू झालं की खालच्या पायरीवरच्या बाईंच्या पंख्याचा आवाज यायला लागला. मग आयडाने वरचा एक सूर असा काही अलगद ठेवला, की माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, “अहा.”

“शूऽऽ,” साहेब म्हणाले. माझ्याकडे न बघता. “वहिनी, गाणं चाललंय.”

टूर मॅनेजरच्या त्या मेसेजला मी परवापासून तीन उत्तरं लिहून खोडली. खाली आत्तापर्यंत अकरा अंगठे पडलेत. पहिला इंजिनिअरसाहेबांचा आहे, दुसरा माझ्या नवऱ्याचा.