हाइ, हाइ, रेरे-सान

मराठी माणसाने जपानी शिकायला घेतलं की पहिले काही महिने त्याला वाटतं, ही भाषा तर आपल्याला येतेच. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे, आणि 'खाऊन बघ' याला ते लोकही चक्क 'खाऊन बघ'च म्हणतात. आपण वाक्याच्या शेवटी 'ना' लावतो, ते 'ने' लावतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना जपानी शिकवायचं तर २२०० तासांचा वर्ग लागेल असं धरून चालतं. पुण्यातल्या क्लासमध्ये हे ऐकलं तेव्हा आम्हाला त्या अधिकाऱ्यांची मनापासून कीव आली होती.

लिपीचं काय, तो घोकंपट्टीचा मामला. हिरागाना या लिपीची अक्षरं ४६, काताकानाची ४६ आणि रोजच्या वापरातल्या म्हणून सरकारने ठरवून दिलेल्या कांजी, म्हणजे चिनी वळणाची शब्दचिन्हं, २१३६. घोकंपट्टीला घाबरणारा माणूस मुळात पुण्यात टिकत नाही. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानीची परीक्षा असते, सगळ्यात सोपी एन-५ आणि सगळ्यात अवघड एन-१. मी एन-२ पास झालो, आईने पेढे वाटले.

या परीक्षेत शब्द असतात, व्याकरण असतं, वाचन असतं, ऐकणं असतं. बोलणं नसतं. तोंडातून एक अक्षर न काढता, नुसते गोल काळे करत माणूस एन-१पर्यंत पोचू शकतो. तेव्हा मला ही त्या परीक्षेतली उणीव वाटायची. आता वाटतं, परीक्षा घेणाऱ्यांना आपली भाषा पक्की ठाऊक आहे. जपानी बोलणं म्हणजे मुख्यतः न बोलणं.

हे कळायला तोक्योला यावं लागतं. त्यातही निशि-कासाईत राहून भागत नाही. एदोगावा वॉर्डातल्या या भागात इतके भारतीय आहेत की तूरडाळ आणि पोह्यांसाठी जपानी वापरावंच लागत नाही. खरी परीक्षा ऑफिसात. तिथे माझं पहिलं नुकसान आडनावाचं झालं. जपानीत 'ल' नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचे लेले एका सकाळी रेरे झाले. फोन उचलून स्वतःच्या तोंडाने 'रेरे बोलतोय' म्हणताना पूर्वजांची माफी मागावीशी वाटते. पलीकडचा माणूस विचारतो, "रेरे-सामा?" म्हणजे 'रेरेसाहेब?' त्यालाही पटत नसतं.

पण नावाचं एक वेळ चालेल, स्वभावाचं काय करायचं? आपल्याकडे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण ते पुरं करून, त्यातली चूक दाखवून, वर आपला मुद्दा मांडलेला असतो. यालाच आपण गप्पा म्हणतो. इथे समोरचा बोलत असताना तुम्ही दर चार शब्दांना 'हाइ' (हो), 'एए' (हं), 'नारुहोदो' (अस्सं होय), 'सो देसु ने' (खरंय) असं काहीतरी म्हणत मान हलवायची असते. याला आइझुची म्हणतात. पोवाड्यात झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतो, तेच काम. फरक इतकाच की इथे शाहीर कोणीच नाही, दोन्ही बाजूंना झीलकरी. फोनवर तुम्ही क्षणभर गप्प राहिलात तर पलीकडचा घाबरून "मोशि मोशि?" करायला लागतो. आणि मुद्दा? मुद्दा शेवटी येतो, किंवा येतच नाही. "शनिवारी जमेल का?" असं मी एका सहकाऱ्याला विचारलं. त्याने दातांतून 'स्स्स' करून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि म्हणाला, "शनिवार… चोत्तो…" चोत्तो म्हणजे थोडंसं. थोडंसं काय, हे विचारायचं नसतं. तो येत नाहीये. एन-२च्या पुस्तकात नकाराचे छत्तीस प्रकार होते, त्यातला एकही हा मनुष्य वापरायला तयार नव्हता.

अशात पोट बिघडलं. डॉक्टरकडे जाताना "पोट दुखतंय" हे वाक्य तयार होतं, ते मी अस्खलित म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "हाइ. शिकुशिकु दुखतंय की किरिकिरि?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी पर्याय वाढवले. ठणका असेल तर झुकिझुकि. टोचल्यासारखं असेल तर चिकुचिकु. मळमळ असेल तर मुकामुका. डोकंही दुखतंय का? घणाचे घाव बसल्यासारखं दुखत असेल तर गानगान. हे सगळं ते स्वतःच्या पोटावर आणि कपाळावर हाताने दाखवत होते, आणि मागे उभ्या असलेल्या नर्सबाई प्रत्येक दुखण्यासाठी चेहरा बदलत होत्या. परीक्षेत निदान चारच पर्याय असायचे. मी किरिकिरि घेतलं, कारण ते आपल्या किरकिरीसारखं वाटलं. किरिकिरि म्हणजे पोटात सुरी फिरवल्यासारखी कळ आणि शिकुशिकु म्हणजे सतत बारीक दुखणं, हे मला मागाहून समजलं. डॉक्टरांचा चेहरा मात्र लगेच गंभीर झाला.

आता घाबरायची पाळी माझी. मी विचारलं, "डॉक्टर, अल्सर तर नाही ना?"

डॉक्टर म्हणाले, "हाइ."

आणि टाइप करू लागले. बरं, या 'हाइ'चं करायचं काय? 'ऐकतोय, बोला' हा एक अर्थ. नकारार्थी प्रश्नाला जपानी माणूस 'हो' म्हणतो तेव्हा 'बरोबर, नाहीये' असाही अर्थ होतो. आणि सरळ 'हो, आहे' हा तर आहेच. तीन अर्थांपैकी दोनांत मी वाचत होतो. टाइप करून झाल्यावर ते म्हणाले, "योओसु ओ मिमाश्योओ." थोडे दिवस बघू या. म्हणजे त्यांनाही चोत्तो…

औषधं शेजारच्या वेगळ्या दुकानातून घ्यायची असतात आणि तिथल्या बाई सगळं पहिल्यापासून विचारतात. या वेळी मी त्यांना बोलूच दिलं नाही. "शिकुशिकु," मी ठणकावून सांगितलं. "अधूनमधून मुकामुका. गानगान अजिबात नाही." बाईंनी पावडरच्या पुड्या मोजता मोजता हात थांबवला आणि कौतुकाने म्हणाल्या, "निहोंगो, जोओझु देसु ने!" तुमचं जपानी छान आहे हो. इथे नुसतं 'कोन्निचिवा' म्हटलं तरी हे प्रशस्तिपत्रक मिळतं, त्यामुळे मी हुरळलो नाही. "छे, अजून कुठे," असं शिकवल्याप्रमाणे म्हटलं आणि कमरेत वाकताना पोटात जे व्हायचं ते झालं.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला.

"दुखतंय म्हणजे नक्की कसं? जळजळतंय? ढवळतंय? मुरडा येतोय, की नुसतंच गुबारा धरलाय?"

"हं."

"गच्च वाटतंय की कळ येतेय?"

"हं, हं."

"अरे हं हं काय नंदीबैलासारखा! तोंडाने बोल की. बरं वाटतंय का आता?"

मी दातांतून हवा आत ओढली आणि मान तिरकी केली. "थोडंसं…"

"थोडंसं काय?" आई कडाडली. "वाक्य पुरं कर आधी! आणि ओवा खा."