जर्मन अवघड आणि इंग्रजी सोपी, हे कुणासाठी?

सध्या खूप फिरणाऱ्या एका मजकुरात तीन दावे आहेत: जर्मनमध्ये नामांच्या लिंगाला काही नियमच नाही; इंग्रजीला व्याकरण जवळजवळ नाही, म्हणून ती सोपी; आणि इंग्रजी स्पेलिंग म्हणजे निव्वळ अनागोंदी. नव्याने भाषा शिकणाऱ्याला यातून चुकीची भीती मिळते आणि चुकीचा दिलासाही, म्हणून हे उत्तर.

आधी लिंग. जर्मनमध्ये 'उंग', 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट' हे प्रत्यय लागलेली नामं स्त्रीलिंगी. लहानपणा दाखवणारा 'शेन' लागला की नाम नपुंसकलिंगी, मग ते मुलीबद्दल का असेना. जोडशब्द कितीही लांब असो, लिंग शेवटच्या पदाचं. उरलेले शब्द पाठ करावे लागतात, हे खरं. पण मराठीत तरी भिंत 'ती' आणि घर 'ते' का, हे कोण सांगू शकतं? तीन लिंगांची सवय आपल्याला आहेच. जर्मनमधली दमछाक खरं तर विशेषणांपाशी होते. 'एक चांगला माणूस' म्हणताना 'गुटर', पण 'तो चांगला माणूस' म्हणताना 'गुटे'. आधी कोणतं उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या 'ए', 'द'सारखा नामाआधीचा छोटा शब्द, आलं, त्यावर विशेषणाचा शेवट ठरतो. हे मराठीत नाही, आणि त्या मजकुरात याचा उल्लेखही नाही.

दुसरा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो. जुन्या इंग्रजीतही तीन लिंगं आणि विभक्ती होत्या. काही शतकांत त्या झिजल्या आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमावर आलं. 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणसाला कुत्रा चावला' यात कोण कुणाला चावलं हे बदलत नाही, कारण 'ला' ते सांगतो. जर्मनमध्येही उपपदाच्या रूपामुळे अशी अदलाबदल चालते. इंग्रजीत ही दोन नामं जागा बदलतात आणि चावणारा माणूस होतो. हेही व्याकरणच आहे, फक्त तक्त्यात मावत नाही. 'ए' कुठे, 'द' कुठे आणि कुठे काहीच नाही, हे वर्षानुवर्षं चुकतं. 'पुट' माहीत, 'अप' माहीत, 'विथ' माहीत, तरी 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, हे वेगळंच शिकावं लागतं.

स्पेलिंगबद्दलची तक्रार रास्त, पण त्यामागे कारणं आहेत. विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि लेखन हळूहळू स्थिर होऊ लागलं. साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र सरकत राहिले. 'नाइट' म्हणजे सरदार, या शब्दातला 'के' एकेकाळी उच्चारला जायचा. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला 'बी' लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी मागाहून घातला.

आता 'अवघड' कुणाला? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था स्पॅनिशला साधारण ३० आठवडे धरते, जर्मनला ३६, हिंदीला ४४, जपानीला ८८. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहेत. आपल्याला ते तसेच लागू होत नाहीत. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, यावर इंग्रजी भाषक अडखळतो. मराठी माणसाचं क्रियापद एरवीही शेवटीच असतं. जर्मनची विभक्ती इंग्रजीतून समजून घेण्यापेक्षा थेट 'माणूस, माणसाला, माणसाचा' यांच्याशी ताडून पाहिली, तर ती कितीतरी लवकर कळते.