पावसात बुटांची सक्ती करणाऱ्यांनो, माझ्या पोरीची टाच बघा

काल संध्याकाळी पोर शाळेतून आली आणि पडवीतच बसली. आत यायला तयार नाही. "आये, मोजा नको काढू गं." पांढरा मोजा टाचेला चिकटला होता आणि तिथे तांबूस-पिवळा डाग पडला होता. कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय दहा मिनिटं बुडवून ठेवला, तेव्हा कुठे मोजा सुटला. खाली रुपयाएवढा फोड, फुटलेला. वरची कातडी एका बाजूला गोळा झालेली, आत लालभडक, आणि त्यात मोज्याचे दोन पांढरे धागे रुतलेले. अकरा वर्षांची आहे ती. रडली नाही, नुसते डोळे घट्ट मिटले. रडली नाही हेच मला जास्त लागलं. सवय झालीय तिला, तिसरा पावसाळा आहे हा.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणजे मिरगाचा पाऊस नेमका लागलेला असतो. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. आणि नियम काय, तर काळे बंद बूट आणि पांढरे मोजे, रोज. कुणी केला हा नियम? त्याने आमची वाट बघितली आहे का? घरापासून जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायची, शेवाळाने बुळबुळीत. मग साकव, ओढ्यावरचा छोटा पूल. मग शेताच्या बांधावरून, पाणी घोट्याच्या वर. पुढे एसटीचा रस्ता. साकवापर्यंतच बुटात पाणी भरतं. मग दिवसभर वर्गात ते ओले मोजे पायात. संध्याकाळी तीच वाट परत. रात्री बूट चुलीच्या वर टांगते, आत रद्दी कोंबते, तरी सकाळी आतून गार ते गार. रेक्झिनचा बूट आषाढात एका रात्रीत वाळत नाही हो! ओल्या बुटात परत पाय घालताना तिचा चेहरा कसा होतो ते रोज मी बघते, शाळा बघत नाही.

आपण म्हणतो बूट चावला. होतं काय ते सांगते. टाचेची कातडी बुटाच्या कडक पाठीला धरून राहते, आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला वर-खाली होतं. मधली कातडी ताणली जाते. शेकडो वेळा ताणली की तिचे थर आतल्या आत एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. झाला फोड. भिजून मऊ पडलेली कातडी कोरडीपेक्षा जास्त धरते, म्हणून ओल्या मोज्यात हे फार लवकर होतं. सुती मोजा तर पाणी पिऊन बसतो, दिवसभर सोडत नाही. हे काही गुपित नाही. माझा भाऊ मिरकरवाड्याला बोटीवर जातो, दिवसभर गमबुटात. त्याला विचारा, कोरडे मोजे बरोबर न घेता तो बंदरावर पाय ठेवत नाही.

दुकानात गेलं की सल्ला ठरलेला: एक नंबर मोठा घ्या, वाढता पाय आहे, वर्षभर चालेल. पुढे कापूस कोंबायचा. टाच मागे ढिली, दर पावलाला वर उचलली जाते आणि घासते. मीही पहिल्या वर्षी हेच ऐकलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. बूट संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घालून बघावा, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी आणि चालताना टाच उचलली जाता कामा नये. एवढं दुकानात कुणी सांगत नाही.

पालकसभेत विचारलं, तर उत्तर मिळालं, "बाकीच्यांना चालतं, तुमच्याच मुलीला कसं होतं?" दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वाडीतल्या सात जणींना पाखाडीवर बसवलं आणि मोजे काढायला लावले. पाच जणींच्या टाचा सोललेल्या. एकीने तर चुना लावला होता! घरच्यांनीच लावून दिला, फोड सुकतो म्हणून. कुणी टूथपेस्ट लावतं, कुणी वरची कातडी ओढून काढतं. अहो, नका करू असं. ती कातडीच वरचं झाकण आहे, तिच्याखाली नवी कातडी तयार होते. फोड लहान असेल तर त्याला हात लावू नका, झाकून ठेवा. मोठा, ताठ झालेला आणि चालताच येत नसेल, तर हात साबणाने धुवा, सुई स्पिरिटने पुसा, फोडाच्या कडेला टोचून पाणी हळूच काढा आणि कातडी जागच्या जागी बसू द्या. वर व्हॅसलीन, वर स्वच्छ पट्टी, आणि पट्टी भिजली की बदला. पू दिसला, लाली पसरायला लागली, जागा गरम लागली, ताप आला, तर घरी बसू नका, डॉक्टरकडे जा. घरात साखरेचा आजार असलेलं कुणी असेल, तर त्यांच्या पायाच्या फोडाला सुई लावूच नका, सरळ दवाखाना.

"फोडाने काय होतंय," असं म्हणणाऱ्यांना एक सांगते. १९२४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. टेनिस खेळताना पायात मोजे नव्हते, बोटाला फोड आला, त्यात जंतू शिरले आणि विष रक्तात भिनलं. राष्ट्राध्यक्षाचं पोर, डॉक्टर हाताशी, तरी वाचलं नाही. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. आज आहेत, पण ती आमच्या वाडीत ठेवलेली नसतात.

आणि आमच्याकडे लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) आहे, त्याचं काय? उंदराच्या, गुराढोरांच्या लघवीतून तो जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतो आणि जखमेतून, सोललेल्या कातडीतून अंगात शिरतो. दर पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसं घरोघरी सांगत फिरतात: पायाला जखम असेल तर शेतातल्या पाण्यात उतरू नका, जखम झाकून ठेवा, ताप आला की लगेच या. बरोबर सांगतात. मग माझ्या पोरीच्या दोन्ही टाचांवर उघड्या जखमा करायच्या आणि तिला त्याच शेताच्या पाण्यातून रोज दोनदा चालवायची, याला शिस्त म्हणायचं? गेल्या आठवड्यात तिला पट्ट्यांची प्लॅस्टिकची सँडल घालून पाठवली, तर प्रार्थनेला सगळ्यांपुढे वेगळी उभी केली. गुन्हा काय, तर पाय वाचवला!

सँडलमध्ये चिखल लागतो, माहीत आहे मला. तो शाळेच्या नळावर साबणाने धुता येतो, आणि पाय दहा मिनिटांत वाळतो. जून ते सप्टेंबर सँडल चालू द्या, एवढंच मागणं आहे. तोवर मी माझ्या परीने करतेच आहे. सकाळी टाच कोरडी करून तिच्यावर मेडिकलमधली कागदी टेप, सुरकुती न पडता. सुती मोज्याऐवजी पातळ नायलॉनचा. दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा जोड, शाळेत पोचल्यावर बदलायला. बुटाच्या मागच्या कडेला आमच्या आजीची पद्धत, मुठेल, म्हणजे घरी काढलेलं तेल, चोळून ती मऊ करायची. एवढं सगळं करूनही कालची टाच अशी झाली.

सोमवारी मी स्वतः तिच्याबरोबर जाणार आहे. ती सँडल घालून येईल, बूट माझ्या हातात असतील, ओले, जसे आहेत तसे. ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवणार आहे. मग त्यांना म्हणणार आहे, सर, तुमच्या पायाच्या मापाचे असेच भिजवलेले बूट घाला, आणि आमच्या वाडीपर्यंत चालत येऊन दाखवा.